चिखलात रुतलेली गाडी आणि आमची चुकलेली विंच: घेताना काय बघावं, बसवताना काय सांभाळावं

पावसाळा तोंडावर आला की कोकणातल्या प्रत्येक मोहल्ल्यात तीच बोलणी सुरू होतात. कौलं चाळून झाली का, पऱ्या साफ केला का, आणि वरच्या वाडीचा रस्ता यंदा तरी टिकेल का?

मंडणगड तालुक्यातल्या आमच्या गावात या रस्त्याची गोष्ट जरा वेगळी आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी रात्री दीडच्या सुमाराला वरच्या वाडीतून फोन आला. एका सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. अँब्युलन्स डांबरी रस्त्यापर्यंतच येऊ शकत होती, पुढचा एक किलोमीटर तांबड्या मातीचा. म्हणून जमातीची जुनी फोर बाय फोर बोलेरो निघाली. येताना पेशंट गाडीत असताना चढावावर ती चाकाच्या निम्म्यापर्यंत रुतली. आम्ही निर्धास्त होतो, कारण त्याच उन्हाळ्यात वर्गणी काढून गाडीला इलेक्ट्रिक विंच बसवली होती. जांभळाच्या झाडाला दोर बांधला, बटण दाबलं. मोटर कण्हली, दोर ताणला गेला, गाडी जागची हलली नाही. पुढचा बंपर मात्र वाकून बाहेर आला. मग जळका वास आला, आणि शेवटी बॅटरी इतकी उतरली की गाडी स्टार्टही होईना.

त्या माऊलीला आम्ही प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून, भर पावसात डांबरी रस्त्यापर्यंत नेलं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, अलहमदुलिल्लाह. पण त्या रात्रीची शरम आम्ही विसरलो नाही. पैसे लोकांचे होते आणि भरवसाही लोकांचाच होता.

नंतर जाणत्या मेस्त्रींना विचारून, मॅन्युअलं वाचून आम्ही सगळं मुळापासून समजून घेतलं. आमच्या तीन चुका निघाल्या. विंच कमी ताकदीची होती, ती चुकीच्या जागी बसवली होती आणि तिची वायरिंग बारीक होती. आज अनेक गावांत थार, जिम्नी, गुरखा, बोलेरो आल्या आहेत. निसर्ग वादळानंतर आणि २०२१ च्या चिपळूण-महाडच्या पुरानंतर बऱ्याच तरुण मंडळांना विंच घ्यावीशी वाटते. त्यांनी आमची चूक पुन्हा करू नये म्हणून हा लेख.

विंच म्हणजे नेमकं काय?

गाडीच्या पुढे बसवलेला एक ड्रम, त्यावर गुंडाळलेला दोर आणि तो फिरवणारी बॅटरीवरची मोटर. मोटर वेगाने फिरते. मधले गिअर तो वेग कमी करून ताकद वाढवतात. दोराचं टोक झाडाला किंवा दुसऱ्या गाडीला बांधायचं आणि दोर गुंडाळत गाडीने स्वतःला ओढून काढायचं. हौशी गाडीवाल्यांसाठीची पहिली विंच अमेरिकेतल्या वॉर्न कंपनीने १९५९ मध्ये बाजारात आणली. मूळ कल्पना आजही तीच आहे.

एक गोष्ट पहिल्यांदाच सांगतो. ही विंच आडवं ओढण्यासाठी आहे. माणूस विहिरीतून वर काढायला किंवा वजन टांगून ठेवायला ती कधीही वापरायची नाही.

पहिली चूक: पौंड आणि किलो

आमच्या विंचच्या खोक्यावर ३५०० असा मोठा आकडा होता. दुकानदार म्हणाला, "साडेतीन टन ओढते, बिनधास्त न्या." आम्ही मान डोलावली. तो आकडा पौंडांचा होता. एक पौंड म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम, म्हणजे ३५०० पौंडांचे जेमतेम १५९० किलो झाले. ती विंच मुळात चार चाकांच्या छोट्या शेती-बाइकसाठी बनवलेली होती. आम्ही ती २२०० किलोच्या गाडीला लावली.

हिशोब सोपा आहे. गाडीचं माणसं, सामान, डिझेल सगळं धरून जे पूर्ण वजन होतं त्याला दीडने गुणायचं. विंचची ताकद किमान तेवढी हवी. आमच्या २२०० किलोचे झाले ३३०० किलो, म्हणजे सुमारे ७३०० पौंड. ८००० पौंडांची विंच कागदावर चालते, पण ९५०० ची घेतलेली बरी. जिम्नीसारखी हलकी गाडी भरून साधारण दीड टनाची होते, तिला ६००० ते ८००० पौंड पुरतात. मोठ्या एसयूव्हीला किंवा सामान लादलेल्या पिकअपला १२००० लागतात.

दीडपट कशाला, असं वाटेल. त्याचं कारण चिखलात आहे. रुतलेली गाडी नुसती वजनाने जड नसते, चिखल तिला धरून ठेवतो. रिकव्हरीच्या कामात एक जुना ठोकताळा वापरतात. चाकं रुतली असतील तर गाडीच्या वजनाइतका जोर लागतो, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट आणि त्याच्याही वर गेली तर तिप्पट. चढ असेल तर प्रत्येक अंशाला वजनाचा साठावा भाग वाढवायचा. आमची गाडी चाकांवर रुतली होती आणि चढ पंधरा अंशांचा धरला, तर २२०० अधिक ५५०, म्हणजे २७५० किलो. आमच्या विंचची ताकद १५९०. ती हलणारच नव्हती.

दुसरी गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. खोक्यावरची ताकद ही ड्रमवर दोराचा फक्त पहिला थर असतानाची असते. दोराचे थर चढत जातात तसा ड्रम जाड होतो आणि ओढ कमी होत जाते. चौथ्या थरावर ९५०० पौंडांची म्हणजे सुमारे ४३०० किलोंची विंच २७०० किलोंच्या आसपासच ओढते. म्हणजे आमच्या त्या चढावर तीसुद्धा अडली असती! म्हणून झाड अगदी जवळ असलं तरी जास्त दोर सुटेल असं लांबचं झाड शोधायचं, नाहीतर कप्पी वापरायची. प्रत्येक विंचच्या मॅन्युअलमध्ये थरांनुसार ताकदीचा तक्ता असतो. तो तक्ता दाखवत नाहीत ते दुकान सोडून द्या.

मोटर, ब्रेक आणि पाणी

मोटर दोन प्रकारच्या असतात. कायमच्या चुंबकाची मोटर करंट कमी खाते, पण लवकर तापते. अधूनमधून वापरायला ती ठीक. सिरीज-वाउंड मोटर करंट जास्त घेते, पण जड काम जास्त वेळ सोसते. गावच्या कामाला, जिथे एका रात्रीत तीन गाड्या काढाव्या लागू शकतात, तिथे दुसरीच घ्यावी.

बहुतेक विंचचा ब्रेक ड्रमच्या आत असतो. दोर सोडताना भार असेल तर तो ब्रेक घासून तापतो आणि ड्रमही तापतो. सिंथेटिक दोर लावणार असाल तर हे लक्षात ठेवा, कारण उष्णतेने तो दोर मऊ पडून कमकुवत होतो. भार असताना मोटरने दोर सोडणं शक्यतो टाळायचं.

आपल्याकडे खारी हवा आणि चार महिने पाणी. त्यामुळे पाणी-धूळ रोखण्याचं रेटिंग बघा, आयपी ६७ किंवा त्याहून वरचं असावं. करंट चालू-बंद करणारा कंट्रोल बॉक्सही तितकाच बंदिस्त हवा. आधी बिघडतो तो हाच.

दोर: तारेचा की सिंथेटिक?

तारेचा दोर दगड-खडकावर घासला तरी टिकतो आणि उन्हाचं त्याला काही वाटत नाही. पण तो जड असतो, गंजतो, त्याच्या तुटलेल्या तारा हातात घुसतात. ताणात तुटला तर चाबकासारखा उलटतो आणि अंगावर बसला तर जीव घेतो.

सिंथेटिक दोर तेवढ्याच ताकदीचा, पण वजनाला कितीतरी हलका असतो. पाण्यावर तरंगतो आणि तुटला तरी तेवढा उसळत नाही. त्याचे शत्रू म्हणजे ऊन, धारदार कडा, उष्णता आणि वाळू. दोरात शिरलेली वाळू आतून धागे कापते, म्हणून तो धुवावा लागतो. तारेपेक्षा महागही पडतो. आम्ही दुसऱ्या वेळी सिंथेटिक घेतला, कारण आमच्याकडे दोर ओढायला अंधारात शिकाऊ पोरंही असतात.

दोर ज्यातून बाहेर येतो ते तोंड दोराप्रमाणे हवं. तारेला चार रोलरचं, सिंथेटिकला गुळगुळीत ॲल्युमिनियमचं. तारेने खरवडलेल्या रोलरमधून सिंथेटिक दोर काढलात तर पहिल्याच ओढीत तो सोलून निघेल.

दुसरी चूक: बंपर म्हणजे चासी नव्हे

विंच जेवढं ओढते तेवढीच ती गाडीलाही ओढते. चार टनांचा जोर ज्या पत्र्यावर बसवाल तो पत्रा तरी उरेल का? आमच्या फिटरने जुन्या बंपरला आतून पट्टी वेल्ड करून विंच बसवली होती. दिसायला झकास होती, पण बंपर तर चासीला दोन लहान बोल्टांवरच टांगलेला होता.

विंचचा जोर सरळ चासीच्या दोन्ही लांब दांड्यांवर गेला पाहिजे. त्यासाठी त्या मॉडेलसाठीच बनवलेली माउंटिंग प्लेट किंवा विंच-बंपर घ्या. प्लेट किमान ६ मिमी जाडीची असावी, आणि चासीला शक्यतो कंपनीच्या मूळ भोकांतून बोल्टने बसणारी असावी. चासीवर मन मानेल तसं वेल्डिंग करू नका. वेल्डच्या उष्णतेने तिथलं पोलाद कमजोर होऊ शकतं आणि तडा वेल्डच्या शेजारूनच जातो. कुठेही वेल्डिंग करावं लागलंच तर आधी बॅटरीच्या वायरी काढा, नाहीतर गाडीचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड उडेल.

८००० ते १२००० पौंडांच्या बहुतेक विंचना खाली चार बोल्ट असतात, २५४ मिमी बाय ११४ मिमी अशा मापात. प्लेट घेण्याआधी हे माप जुळवून बघा. बोल्ट विंचबरोबर आलेलेच वापरा. हरवले तर डोक्यावर ८.८ किंवा त्याहून वरचा आकडा कोरलेले घ्या. साध्या हार्डवेअरमधले बिनआकड्याचे बोल्ट इथे चालत नाहीत. चारही बोल्ट पूर्ण आट्यांवर बसले पाहिजेत. मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कलाच आवळा आणि पहिल्या वापरानंतर पुन्हा तपासा.

फिटिंग होत असताना पुढच्या गोष्टी समोर उभं राहून बघा:

- दोर ड्रमवर मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या बाजूनेच गुंडाळला आहे ना? उलटा गुंडाळला तर ब्रेक धरत नाही.
- ड्रमचा मध्य आणि दोराच्या तोंडाचा मध्य एका रेषेत आहे ना?
- क्लचचा दांडा हाताला येतो का? बंपरच्या आत अडकला तर चिखलात फिरवणार कसा?
- रेडिएटरसमोरची हवा अडत नाही ना?
- नंबर प्लेट आणि लाइट झाकले जात नाहीत ना?

शिवाय विंच तारेच्या दोरासकट ३५ ते ४५ किलोंची असते आणि लोखंडी बंपर वेगळा. एवढं वजन पुढच्या चाकांच्याही पुढे आलं की गाडी नाकाने बसते. पुढचे स्प्रिंग तपासून घ्या, लागल्यास बदला. सिंथेटिक दोर घेतला तर इथेही काही किलो वाचतात.

तिसरी चूक: बारीक वायर आणि बिचारी बॅटरी

९५०० पौंडांची विंच पूर्ण जोर लावताना ४०० अँपिअरच्या आसपास करंट खेचते. गाडीचा अल्टरनेटर त्याच्या पाव हिश्शाइतकाही क्वचितच देतो. उरलेला बोजा बॅटरीवर पडतो. ४०० अँपिअर तीन मिनिटं म्हणजे २० अँपिअर-तास. साध्या ७० अँपिअर-तासाच्या बॅटरीचा पाव भागाहून जास्त चार्ज तीन मिनिटांत गेला! बॅटरी जुनी असेल तर गोष्ट तिथेच संपली.

म्हणून बॅटरी नवी आणि दणकट हवी. विंच चालवताना इंजिन चालू ठेवायचं आणि रेस थोडी वाढवलेली असू द्यायची. सलग ओढायचं नाही. अर्धा-एक मिनिट ओढलं की थांबायचं, मोटरला हात लावून बघायचं. हात ठेववत नसेल तर ती गार होऊ द्या.

वायर साधारण ३५ चौरस मिमीची, शुद्ध तांब्याची, आणि शक्य तितकी कमी लांबीची हवी. आमच्या गाडीला त्याच्या निम्मीही नव्हती. बारीक वायरीत व्होल्टेज पडतं, वायर तापते, मोटरला ताकद मिळत नाही आणि ती जळते. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही वायरी थेट बॅटरीवर घ्या, निगेटिव्ह बॉडीला टेकवून मोकळे होऊ नका. वायर पत्र्यातून जाते तिथे रबर बसवा आणि ती जाड पाइपातून न्या. मध्ये हाताशी येईल असा मेन स्विच हवाच. विंच वापरात नसताना तो बंद ठेवायचा. ही वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर गाडी पेटते.

कायद्याचं काय?

हा भाग पुष्कळजण टाळतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळ नोंदणीशी न जुळणारा बदल मालकाला आपल्या मर्जीने करता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने अनधिकृत क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करण्याचं पत्र राज्यांना पाठवलं. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्याला मनाई असल्याचं स्पष्ट केलं. पुढे आलेलं लोखंड पायी चालणाऱ्याला धडकेत जास्त इजा करतं, आणि एअरबॅगच्या सेन्सरचं कामही बिघडवू शकतं. ही काळजी अगदीच वाजवी आहे.

त्यामुळे मोठा दिखाऊ बंपर नकोच. शक्य असेल तिथे मूळ बंपरच्या आड बसणारी प्लेट घ्या, किंवा गरजेपुरती लावून काढता येणारी विंच. काम करण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. नाहीतर अपघातानंतर क्लेम अडतो तेव्हा पश्चात्ताप होतो.

बरोबर काय ठेवायचं, कसं ओढायचं?

नुसती विंच घेऊन भागत नाही. झाडासाठी रुंद पट्टा हवा, तार थेट खोडाला बांधली तर साल कापली जाते आणि झाड मरतं. दोन चांगले शॅकल, बाजूने उघडणारी कप्पी, जाड चामडी हातमोजे, दोरावर टाकायला जड कांबळं किंवा डॅम्पर, आणि एक फावडं. फावड्याला कमी लेखू नका. चाकांपुढचा चिखल काढला की विंचचं निम्मं काम होतं.

कप्पी झाडाला लावून दोर परत आपल्याच गाडीला आणला की ओढ जवळपास दुप्पट होते आणि वेग निम्मा. त्याच वेळी ड्रमवरून जास्त दोर सुटतो, म्हणून तिथूनही ताकद मिळते. त्या रात्री हे माहीत असतं तर कदाचित त्या छोट्या विंचनेही थोडी साथ दिली असती, अर्थात बंपर टिकला असता तर.

ओढतानाचे आमचे नियम आता जमातीच्या गाडीत कागदावर लिहून चिकटवले आहेत:

१. पेशंट, मुलं, बघे सगळे आधी लांब. ताणलेल्या दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात कुणी नको. रिमोटवाला एकच, इशारा देणाराही एकच.
२. ताणलेला दोर कुणी ओलांडायचा नाही.
३. पट्टा खोडाच्या बुंध्याशी, जमिनीलगत. झाड जिवंत आणि जाडजूड.
४. दोर स्वतःवरच हुकने अडकवायचा नाही. ट्रेलरच्या गोळ्यालाही नाही.
५. ड्रमवर तारेचे किमान पाच वेढे शिल्लक, सिंथेटिकचे आठ ते दहा.
६. ड्रमजवळ हात नाही. हुक पट्टीने धरायचा, बोटाने नाही.

नवा दोर पहिल्यांदा हलक्या भाराखाली, एकाला एक लागून गुंडाळून घ्या. सैल गुंडाळलेला दोर खऱ्या ओढीत खालच्या थरात रुतून बसतो.

वादळात रस्त्यावर पडलेलं झाड बाजूला करताना आणखी एक सावधगिरी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, म्हसळा, दापोली, मंडणगड भागात झाडांबरोबर विजेच्या ताराही आडव्या झाल्या होत्या. लाइन बंद असल्याची वीज कर्मचाऱ्यांकडून खात्री होईपर्यंत लोखंडी दोर घेऊन त्या झाडाजवळ जाऊ नका. आणि समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेण्याला बऱ्याच ठिकाणी मनाई आहेच. तिथे बांधायला झाड नसतं आणि भरती कुणासाठी थांबत नाही. विंच आहे म्हणून वाळूत उतरायचं धाडस करू नका.

नंतरची निगा

विंच सहा महिने पडून राहिली की नेमकी गरजेच्या रात्री अडते. आम्ही महिन्यातून एकदा जुम्याच्या नमाजनंतर दोर पूर्ण सोडतो, गोड्या पाण्याने धुतो, सुकवतो, कुठे चीर किंवा तुटलेली तार आहे का बघतो आणि थोड्या भाराखाली परत गुंडाळतो. बोल्ट आणि वायरींची टोकं तपासतो, टोकांना ग्रीस लावतो. अर्ध्या तासाचं काम आहे. मोहल्ल्यातली पोरं हौसेने येतात आणि येता येता शिकतात.

गेल्या पावसाळ्यात वरच्या वाडीच्या त्याच चढावर दुधाची गाडी रुतली. यावेळी सगळे लांब उभे राहिले, कप्पी लागली, अर्ध्या मिनिटाच्या चार ओढींत गाडी वर आली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, दूध वेळेवर पोचलं एवढंच. खरं तर तो एक किलोमीटर रस्ता पक्का होईल त्या दिवशी आमच्या विंचला काम उरणार नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीत अर्ज दिलेला आहे आणि पाठपुरावाही चालू आहे. तोवर तुमच्या गावात वर्गणी निघत असेल तर दुकानात जाण्याआधी गाडीचं वजन कागदावर लिहा, दीडने गुणा, आणि खोक्यावरचा आकडा पौंडांचा की किलोचा ते दोनदा वाचा.